भुलाबाईचा डबा

बाबा खूश आहेत ही बातमी मधुवंतीनं केयूरला फोनवर ज्या सुरात दिली, त्या सुरात लोक अपघात कळवतात.

“खूश म्हणजे?” केयूरनं पुण्याहून विचारलं.

“खूश म्हणजे खूश. सकाळी उठून तर्री-पोहे खायला जातात. दुपारी खिडकीत खुर्ची टाकून बसतात. काल मी गेले तर शीळ घालत होते, दादा. मी दारात उभी, आणि हे आत शीळ घालून राहिले.”

“शेजारचे काय म्हणतात?”

“शेजारचे म्हणतात, दोन प्लेटी घेतात.”

“कशाच्या?”

“पोह्यांच्या. रोज दोन. आणि घरात कोणी नसताना बोलतात म्हणे.”

केयूर म्हणाला, “हे बरोबर नाही.”

ते का बरोबर नाही, हे दोघांपैकी कोणालाच नीट सांगता आलं नसतं. चैत्रात आई गेली तेव्हापासून ही दोन्ही भावंडं बापाच्या दुःखाची तयारी करून बसली होती. बाबा जेवणार नाहीत, बाबा खचतील, बाबा अंथरूण धरतील, या सगळ्यावर त्यांच्याकडे उपाय होते. शीळ घालणाऱ्या बापावर उपाय नव्हता. भर पावसाळ्यात केयूरनं विचारलं होतं, “बाबा, दिवाळीआधी पुण्याला या, कायमचेच,” आणि कृष्णकांत म्हणाले होते, “बरं.” आता या माणसानं नोकरीभर साहेबांना बरं म्हटलं, घरी बायकोला, ताराबाईंना, बरं म्हटलं, आणि त्या ‘बरं’चा अर्थ होकार की नुसता सभ्यपणा, याची चौकशी कोणी कधी केली नाही. केयूरनं तो होकार धरला. पुण्याच्या फ्लॅटमधली एक खोली रंगवून झाली. दसऱ्याला यायचं, कोजागिरीपर्यंत राहायचं, दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गाडीत बसायचं आणि नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या घराला कुलूप घालायचं, असं ठरलं. कृष्णकांतांनी त्यालाही बरं म्हटलं.

दसऱ्याला नागपूर माणसांनी फुलून आलं होतं. दीक्षाभूमीकडे निघालेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या कुटुंबांमधून वाट काढत ऑटो घरी पोचेस्तोवर केयूरचा चेहरा आंबून गेला होता. त्याच्या बायकोला, वेदिकाला, मात्र ती सगळी गर्दी बघताना मजा येत होती. नवऱ्याला तिनं ते सांगितलं नाही.

बैठकीच्या खोलीत पाय टाकला आणि दोघं थबकले. कोपऱ्यात ज्वारीचे पाच धांडे कणसांसकट बांधून मांडव केलेला. त्याखाली पाटावर, अजून रंगाचा वास येत असलेले, मातीचे भुलाबाई आणि भुलोजी. भुलाबाईच्या मांडीवर इवलासा गणपती. पुढ्यात पितळेचा कडीचा डबा. आणि या सगळ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या शोभाताई.

शोभाताई म्हणजे कृष्णकांतांची थोरली बहीण, मुलांची आत्या. त्या सकाळीच रामटेकहून आल्या होत्या.

“आलात?” त्या भिंतीला म्हणाल्या. “या. बघा तुमचा बाप काय करून राहिला ते.”

*

शोभाताईंना राग आला होता आणि तो खरा होता. त्यांचे यजमान गेले त्या वर्षी त्यांनी दारात रांगोळीची रेघसुद्धा ओढली नव्हती. वर्षभर घरात सण नाही, गोडधोड नाही, हे काय त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, ते असतंच. आणि तारा त्यांची नुसती भावजय नव्हती. तारा त्यांची जिवाची मैत्रीण होती.

“ताई, सण नाही करून राहिलो,” कृष्णकांत स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. हातात झारा होता, सदऱ्यावर पीठ सांडलेलं होतं. “पोरी येतात, गाणी म्हणतात, मी खाऊ देतो. एवढंच.”

“वर्ष झालं नाही, कृष्णा.”

“हो.”

“मग काहून मांडली?”

“तारा दरवर्षी मांडत होती ना. गल्लीतल्या पोरी विचारायला आल्या, काकू नाहीत तर यंदा भुलाबाई कुठं बसणार म्हणून. मी बरं म्हटलं.”

“तू कोणाला नाही म्हणतो कधी?”

कृष्णकांतांनी यावर विचार केला. त्यांना एकही नाव आठवलं नाही, आणि तेवढ्यात कढईतलं तेल तापल्याचा वास आला म्हणून ते आत गेले.

संध्याकाळी पोरी आल्या. शेजारची सोनिका, समोरच्या बिल्डिंगमधली काजल, आणखी चारपाच. वेदिकाच्या माहेरी, साताऱ्याकडे, हादगा असतो. त्याचंच हे इकडचं भावंड, हे तिच्या लक्षात आलं. भुलाबाई म्हणजे पार्वती, चार दिवस माहेरी आलेली, तिच्यापुढं टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची, आणि शेवटी घरातल्या बाईनं झाकलेला डबा हलवायचा. आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही. या घरात आता बाई नव्हती, तेव्हा डबा कृष्णकांतांनी हलवला. दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, जोरात.

“शेंगदाणे,” सोनिका म्हणाली.

“नाही.”

“खडीसाखर.”

“नाही.”

“शेव? गुडदाणी? काजू?”

“काजू कुठून आणू बाई मी,” कृष्णकांत म्हणाले आणि पुन्हा डबा हलवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून केयूर उठून आतल्या खोलीत गेला.

शोभाताई पाठ करूनच बसल्या होत्या. पण कानाला पाठ करता येत नाही. तो आवाज त्यांनी लहानपणी इतक्या वेळा ऐकला होता की पहिल्या झटक्यातच त्यांना उत्तर कळलं. त्यांनी ओठ मिटून धरले. पोरींनी बदाम म्हटलं, साबुदाणा म्हटलं, गोट्या म्हटलं. गोट्या हा काय खाऊ आहे? शोभाताईंच्यानं राहवेना.

“फुटाणे,” त्या भिंतीला म्हणाल्या.

पोरींनी टाळ्या पिटल्या. कृष्णकांतांनी पहिली मूठ बहिणीच्या हातावर ठेवली. शोभाताईंनी फुटाणे खाल्ले आणि मग त्या पदर तोंडाला लावून रडल्या. तारा गेली म्हणून, की फुटाण्यांनी बरं वाटलं म्हणून, त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी खुर्चीचं तोंड फिरवलं.

*

“तू जा त्यांच्यासोबत सकाळी,” केयूर वेदिकाला म्हणाला. “बघ कोणाबरोबर बसतात.”

“म्हणजे पाळत ठेवू?”

“म्हणजे पोहे खा.”

वेदिका गेली. सकाळची हवा आता गार झाली होती, म्हणजे नागपूरकरांच्या हिशेबानं गार. सासरे पुढं, ती मागं, असं तलावाच्या बाजूनं जात ते एका ठेल्यापाशी थांबले. कृष्णकांतांनी ठेलेवाल्याकडे नीट बघितलंही नाही.

“दोन,” ते म्हणाले.

वेदिकाला वाटलं, एक आपली, एक त्यांची. पण दोन प्लेटी आल्या तशी त्यांनी एक बाकड्यावर बसलेल्या माणसाला दिली, दुसरी स्वतः घेतली, आणि मग सून रिकाम्या हातानं उभी आहे हे बघून त्यांना कानकोंडं झालं. तिसरी मागवली. लालभडक तर्रीत हरभरे तरंगत होते.

बाकड्यावरचा माणूस म्हणजे कवडू कुंभार. भुलाबाई त्यानंच केली होती.

“सूनबाई हाये काय जी?” त्यानं विचारलं. “बस वं माय. तिखट लागन, थोडा चिवडा टाकून घे.”

“तुम्ही रोज येता इथं?” वेदिकानं विचारलं.

“साहेब चारतात तं येतो. पयल्या दिवशी म्हने, घे गा, चुकून दोन झाल्या. दुसऱ्या दिवशी बी चुकून दोन. आता मी घरून खाऊन निंगतच नाही.”

कवडू हसला, कृष्णकांतही हसले. वेदिकाच्या डोळ्यांतून तिखटानं पाणी येत होतं आणि ती चमचा खाली ठेवायला तयार नव्हती. परत येताना तिनं विचारलं, “बाबा, दोन का मागवता?”

“रविवारी तारा आणि मी यायचो इथं. नोकरी सुटल्यावर रोजच. तोंडातून दोनच निघतं.” थोडं चालून ते थांबले. “ती गेल्यावर पहिल्यांदा आलो तेव्हाही दोन म्हटलं. प्लेटी हातात आल्या. तेव्हा मला रडू यायला पाहिजे होतं की नाही?”

“आलं नाही?”

“भूक लागली होती ना. तर्री गरम होती. मला बरं वाटलं वेदिका, फार बरं वाटलं. तेव्हापासून मला समजून नाही राहिलं. ती नाही, हे खरं आहे. पोहे चांगले लागतात, हेही खरं आहे. दोन्ही एका वेळी माझ्या डोक्यात बसत नाही. केयूर म्हणतो तसं असेलही. बिघडलं असेल काहीतरी.”

घरी आल्यावर त्यांनी तिला खिडकी दाखवली. उन्हाळाभर आणि पावसाळाभर तिथं कूलर ठोकलेला होता. नवरात्रात त्यांनी तो काढवला आणि इतक्या महिन्यांनी त्या खिडकीतून ऊन आत आलं. ताराबाई असताना कूलर दिवाळीनंतर निघायचा, म्हणून शरदाचं ऊन या खोलीत कसं पडतं हे त्यांना माहीतच नव्हतं. आता ते त्यात पाय सोडून बसायचे. कधी हिरव्या सालीचं संत्रं सोलायचे, आंबट निघालं तर तिला सांगायचे.

“तिला म्हणजे?” वेदिकानं विचारलं.

“ताराला.” ते अगदी सहज म्हणाले. मग त्यांनी भुलाबाईचा डबा उचलून आणला. “हे मात्र तू सांग मला. मी माळ्यावरून हा डबा काढला तर आत हे होतं.”

जुन्या शालीचा, घडी घातलेला, हातभर तुकडा होता.

“खाऊच्या डब्यात शालीचा तुकडा काहून ठेवला असेल तिनं?”

“डबा पुसायला?”

“इतका जाड?”

“खाऊ गरम राहायला?”

“फुटाणे गरम काय करायचे.”

दोघं बराच वेळ तो तुकडा उलटासुलटा करत उन्हात बसली. काही उलगडलं नाही, पण दुपार चांगली गेली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, “कोणी बाईबिई नाही. एक कुंभार आहे.”

“रोज एका कुंभाराला पोहे खाऊ घालतात?”

“हो.”

“का?”

“चुकून.”

केयूरनं कपाळाला हात लावला.

*

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मधुवंती मिहानमधलं ऑफिस आटोपून थेट माहेरी आली, तेव्हा भाऊ गच्चीवर एकटाच उभा होता. खाली पोरींची गाणी चालली होती. त्यात शोभाआत्याचा जाड आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता.

“आत्या फितूर झाली,” केयूर म्हणाला. “वेदिकाही. सकाळी पोहे खायला मला न सांगताच निघून जाते. तू तरी आहेस ना माझ्या बाजूनं?”

मधुवंती खांद्यावरची ऑफिसची बॅग उतरवू लागली.

“मधू, फोन तू केला होतास.”

“केला होता. घाबरले होते. आणि खरं सांगू? मला राग आला होता. आई जाऊन वर्ष नाही झालं आणि यांना शीळ सुचते. मी रोज ऑफिसच्या बसमध्ये रडते, दादा. मला वाटलं, हे आईला विसरले.”

“आणि आता?”

“आता मला काही कळत नाही. काल त्यांनी कोथिंबीर आणून सांबारवडी केली होती. तळताना एक फुटली तर म्हणाले, तारा, तुझीही पहिली फुटायची. असं कोणी विसरलेला माणूस बोलतो का?”

“हेच म्हणतोय मी. नसलेल्या माणसाशी बोलतात. पुण्यात चांगला डॉक्टर बघून ठेवलाय.”

“आनंदावर औषध देतो का तो?”

केयूर कठड्यावर हात टेकून तलावाच्या दिशेला बघत राहिला. मग हळू म्हणाला, “आईच्या वेळी मला पोचायला उशीर झाला. रात्रभर प्रवास केला आणि आलो तेव्हा सगळं आटोपलेलं. आता बाबा इथं एकटे, आणि मी तिकडं. रोज रात्री फोन उशाशी ठेवून झोपतो मी. वाजला नाही तरी जाग येते. ते खूश असोत नाही तर रडोत, माझ्या घरात असोत.”

मधुवंतीला वाटलं होतं दादाला बाबांचं सुख बघवत नाही. हे वेगळंच निघालं. आता रागवावं तरी कोणावर? ती त्याच्या शेजारी उभी राहिली. खालून डबा हलवल्याचा आवाज आला, टणटण, कोरडा.

“खोबऱ्याचे तुकडे,” केयूर मान न वळवता म्हणाला.

क्षणभरानं खालून सोनिका ओरडली, “खोबरं,” आणि टाळ्या पडल्या.

मधुवंती हसली. “तुझा कान गेला नाही अजून. आई दुपारीच डबा भरून आधी तुला वाजवून दाखवायची. मी दाराआडून बघायचे. मला कधी नाही दाखवला.”

“तुम्ही पोरी मला गाण्यांत घेत नव्हता, म्हणून. चाचणी असायची माझ्याकडे. मला ओळखू आला नाही तरच डबा पास.”

“मग पास झाला कधी?”

“एकदाही नाही. सगळे ओळखले.”

“बाबांना माहीत आहे हे?”

“त्यांना कुठून माहीत असणार. ते कचेरीतून यायचे तोवर खाऊ संपलेला. त्यांचा वाटा वाटीखाली झाकलेला असायचा.” केयूरनं खिशातून मोबाइल काढला आणि तिकिटं पुन्हा एकदा बघितली. “परवा दुपारची गाडी आहे, मधू. ते येणार आहेत. त्यांनी बरं म्हटलंय.”

*

कोजागिरीच्या दुपारी सगळे झोपलेले असताना कृष्णकांत स्वयंपाकघरात उभे होते. शेवटच्या दिवसाचा खाऊ अवघड पाहिजे, असं काजलनं बजावून ठेवलं होतं. त्यांनी डब्यात खारका टाकून हलवल्या तर दगड भरल्यासारखा खणखणाट झाला. हे तर कोणीही ओळखील. त्यांनी खारका ओतून काढल्या, आणि ओट्यावर पडलेला शालीचा तुकडा हाताला लागला.

ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी खारका त्या तुकड्यात गुंडाळल्या, पुरचुंडी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि हलवून बघितलं. आवाज जवळपास नाहीच. अगदी उशिरा, आत कोणी कूस बदलावी तसं धप्प.

“असं होय,” ते म्हणाले. “अशी चलाखी करत होती तू. आणि मला इतक्या वर्षांत सांगितलं नाही.”

त्यांना इतकं हसू आलं की ओट्याला धरावं लागलं. हसता हसता डोळ्यांना धार लागली. ती पुसून ते पुन्हा हसले. यातलं कुठलं थांबवायचं ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी दोन्ही होऊ दिलं.

संध्याकाळी चंद्र वर आला. गच्चीवर वेदिका आणि शोभाताईंनी दूध आटवायला ठेवलं होतं, दोघी आळीपाळीनं खाली येऊन बघून जात होत्या. पोरींची गाणी झाली. कृष्णकांतांनी डबा हलवला. एक एक पोरगी पुढं होऊन कान लावून गेली.

“बर्फी.” नाही. “खोबऱ्याची वडी.” नाही. “शिंगाडे. काकडी. केळं.” नाही, नाही, नाही. शोभाताईंनी स्वतःच्या हातात घेऊन तीनदा हलवला आणि हार मानली. कृष्णकांत नुसते फुलले होते.

तेवढ्यात केयूर आतून आला. त्याच्या हातात बाबांची बॅग होती. ती त्यानं काल स्वतः भरली होती आणि आता ती हलकी लागत होती.

“बाबा, बॅग रिकामी आहे.”

“हो. हा सदरा त्यातच होता.”

“बाकीचे कपडे?”

“धुवायला टाकले.”

“उद्या दुपारची गाडी आहे.” पोरींच्या टिपऱ्या थांबल्या. “बाबा, एकदा सरळ सांगा. येताय की नाही?”

कृष्णकांतांचे ओठ ‘बरं’ म्हणायला मिटले. सवयच ती. पण ‘बरं’ बाहेर पडलं नाही.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “तू म्हणतो ते खोटं नाही. मी बरा आहे की बिघडलो, मला खरंच समजून नाही राहिलं. तिथं तू आहेस, खोली रंगवली, सगळं आहे. इथं काय आहे? पोहे आहेत. ऊन आहे. हे काय कोणाला सांगण्यासारखं कारण आहे?” त्यांनी डबा उचलून मुलाच्या पुढं धरला. “तू हा ओळख. ओळखला तर उद्या येतो, कपडे ओले भरतो. नाही ओळखला तर राहतो. मग विचारायचं नाही.”

“कृष्णा, डब्यावर कोणी घर सोडतं का?” शोभाताई म्हणाल्या.

“मला ठरवता येत नाही, ताई. कोणीतरी ठरवू दे. भुलाबाईच्या पुढ्यात आहे, इथं खोटं नाही चालत.”

वेदिकाच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. कोणालाच ओळखू आला नाही, याला काय येणार? मधुवंतीला मात्र हसू आलं नाही. जगात हा डबा ओळखू शकणारा एकच माणूस उरला होता आणि बाबांनी नेमका त्याच्याच हातात तो दिला होता.

“मी ओळखते बाबा,” ती पुढं झाली. “मला द्या.”

“तू नाही. तो.”

केयूरनं बॅग खाली ठेवली. डबा कानापाशी नेला आणि एकदा हलवला. काही नाही. दुसऱ्यांदा हळू हलवला. खूप उशिरा, आत धप्प झालं.

तो आठनऊ वर्षांचा होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आई ओले हात पदराला पुसत बसली होती आणि म्हणत होती, आज नाही ओळखता येणार तुला. तीनदा वाजवायला लावलं होतं त्यानं. मग म्हणाला होता, खारका, आणि कशात तरी गुंडाळल्यात. आई हसून हसून बेजार झाली होती. कोणाला सांगशील तर बघ, म्हणाली होती. त्यानं आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मग बाबांना हे कुठून कळलं?

त्यानं वर बघितलं. बाबा खिडकीत उभे होते, दोन्ही हात पाठीमागं, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे. खालचा ओठ दाताखाली धरलेला. ते घाबरले होते. या माणसाला काहीतरी हवं आहे हे केयूर जन्मात पहिल्यांदा बघत होता. उशाशी ठेवलेला फोन त्याला आठवला. तो आता आणखी किती वर्षं तिथंच राहणार, हेही त्याला दिसलं.

मधुवंती त्याच्याकडे बघत होती.

“पेढे,” केयूर म्हणाला.

पोरींनी नुसता कल्ला केला. हरले, दादा हरले. कृष्णकांतांनी डबा घेतला, झाकण काढलं, पुरचुंडी सोडली आणि सगळ्यांना दाखवली. “खारका. ताराची युक्ती आहे ही, मला आज दुपारीच समजली. कोणालाच नाही ओळखता आलं ना?”

“मला तर कळलंच नाही,” केयूर म्हणाला.

मधुवंती खाली बघत टिपऱ्या गोळा करायला लागली. गोळा करायला तिथं दोनच टिपऱ्या होत्या. शोभाताई सरकत सरकत भाच्याजवळ आल्या आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “पेढे वाजतात का रे?”

“पुण्याचे वाजतात, आत्या.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कृष्णकांत खाऊ वाटत निघाले. सोनिकाला एक, काजलला एक, वेदिकाला, मधूला, ताईला एकेक. बोलत होते, हसत होते, उद्या कवडूला दूध नेऊन द्यायचं म्हणत होते. केयूरपाशी आले तेव्हा त्यांनी न बघताच पुरचुंडीत हात घातला आणि त्याच्या तळहातावर दोन खारका ठेवल्या.

“बाबा, दोन झाल्या,” काजल म्हणाली. ती त्यांना गल्लीतल्या सगळ्यांसारखी बाबाच म्हणायची.

कृष्णकांतांनी त्या हाताकडे बघितलं. एक परत घ्यावी का, हे त्यांना ठरवता येईना.

केयूरनं दोन्ही एकदम तोंडात टाकल्या. खारीक चावायला वेळ लागतो, त्यामुळे बराच वेळ त्याला काही बोलावं लागलं नाही.